जुना ट्रॅक्टर : उभा करावा की मोडीत काढावा?



शिरपूरहून चोपडा, यावलमार्गे रावेरकडे जाताना रस्त्याकडेची खळी नीट पाहिली, तर कुठे ना कुठे एक जुना ट्रॅक्टर उभा दिसतो. निंबाखाली, चाके मातीत रुतलेली, सीटचा फोम कोंबड्यांनी उकरलेला, आणि सायलेन्सरच्या तोंडावर पालथा घातलेला पत्र्याचा डबा. त्या डब्याकडे आमचे लक्ष नेहमी जाते. ज्याने तो घातला, त्याच्या मनात त्या दिवशी आशा होती. पाऊस आत जाऊ नये, पुढेमागे हा पुन्हा सुरू होईल, असे त्याला वाटले होते.

गेल्या काही महिन्यांत आपल्याच दोन-तीन घरांतून आम्हाला विचारणा झाली, "फादर, बाबांचा ट्रॅक्टर पडून आहे. नीट करावा की भंगारात द्यावा?" ट्रॅक्टरमधले फादरांना काय कळणार, हे विचारणाऱ्यांनाही ठाऊक होते. तरी त्यांनी विचारले. म्हणजे हा प्रश्न एकट्या मिस्तरीच्या हातचा नाही, हे त्यांना मनोमन जाणवले असावे. म्हणून आजचे हे पान त्यासाठी.

मिस्तरीचा भाग आधी उरकू, कारण त्यात फार गूढ नाही. इंजीन फिरते की जाम झाले आहे, ही पहिली परीक्षा. नोझल काढून सिलिंडरमध्ये थोडे डिझेल किंवा ऑइल सोडावे, चार-आठ दिवस तसेच राहू द्यावे आणि मग हलक्या हाताने फिरवून पाहावे. दुसऱ्या ट्रॅक्टरला दोर बांधून ओढत सुरू करण्याचा मोह अनेकांना होतो. अडकलेल्या रिंगा त्याने तुटतात आणि स्लीव्हला ओरखडे पडतात. जे थोडक्यात निभावले असते ते मोठ्या खर्चात जाते. ऑइलची पट्टी बाहेर काढल्यावर ऑइल ताकासारखे पांढरट दिसले, तर आत पाणी शिरले आहे असे समजावे. ब्लॉकला तडा असेल तर तिथेच बरेचसे उत्तर मिळाले. टायर वरून जाड दिसले, पण बगलेला भेगा असल्या, तर ते गेलेच.

ट्रॅक्टर कोणत्या कंपनीचा, यावरही पुष्कळ अवलंबून असते. आपल्या देशात ट्रॅक्टर तयार होऊ लागला तो १९५९ मध्ये, फरिदाबादला, आयशर कंपनीचा. १९६३ मध्ये महिंद्राने इंटरनॅशनल हार्वेस्टर या अमेरिकन कंपनीसोबत मुंबईत कारखाना काढला. त्यांचा बी-२७५ आजही रस्त्यावर दिसतो आणि त्याचे सुटे भाग सहज मिळतात. १९७१ पासून पिंजोरला झेटरच्या धर्तीवर एचएमटी बनू लागला. तो कारखाना बंद करण्याचा निर्णय केंद्र सरकारने २०१६ मध्ये घेतला, त्यामुळे आता बाजारात मिळेल त्या भागावर भागवावे लागते. नाशिकला किर्लोस्करांनी १९७० च्या दशकात जर्मन डॉइट्झ कंपनीच्या सहकार्याने ट्रॅक्टर काढले होते, हवेने थंड होणाऱ्या इंजिनाचे. असा एखादा कुणाकडे असेल तर त्याने सुट्या भागांचा शोध आधी घ्यावा आणि पाना नंतर हातात धरावा.

आता पैशाचे. इंजिनाचे पूर्ण काम, मागची दोन टायरे, क्लच, बॅटरी, डिझेल पंपाची दुरुस्ती एवढे धरले की आकडा लाखाच्या घरात सहज जातो. २०२५ च्या सप्टेंबरात ट्रॅक्टरवरचा जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ वर आला, आणि ट्रॅक्टरच्या टायरांवरचा १८ वरून ५ वर. म्हणजे नवा घेणाऱ्यालाही दिलासा आणि जुना उभा करणाऱ्यालाही. सरकारने हा वाद काही मिटवून दिलेला नाही.

धोका वेगळ्या ठिकाणी आहे. इंजीन उघडल्यावर मिस्तरी सांगतो, क्रँकही घासावा लागेल. मग कळते की पंप गेला आहे. मग लिफ्ट. प्रत्येक वेळी आपण स्वतःला समजावतो, "एवढे घातलेच आहेत, आता थोड्यासाठी कशाला थांबायचे?" पण गेलेले पैसे गेले. पुढचे वीस हजार टाकावेत की नाही, हे पुढच्या वीस हजारांतून काय मिळणार यावर ठरायला हवे. मागचे चाळीस हजार त्यात साक्षीदार म्हणून उभे करणे बरोबर नाही. बुरूज बांधायला निघालेल्याने आधी बसून खर्चाचा हिशेब करावा, हा प्रभूचा दृष्टांत आपण ऐकलेला आहे. त्यातला 'आधी' हा शब्द आम्हाला महत्त्वाचा वाटतो. मर्यादा ठरवायची ती इंजीन बंद असताना, उघडल्यावर नव्हे.

एवढ्यावर प्रश्न सुटला असता तर कोणी आमच्याकडे आले नसते. "हा बाबांचा ट्रॅक्टर आहे," हे वाक्य सगळ्यांच्या बोलण्यात होते.

त्याचे वजन कळायला थोडे मागे जावे लागेल. आज देशात वर्षाला नऊ लाखांहून अधिक ट्रॅक्टर विकले जातात आणि गावोगावचे विक्रेते गिऱ्हाइकाच्या मागे फिरतात. पण १९७१ मध्ये ट्रॅक्टर इतके थोडे होते की केंद्र सरकारला त्यांच्या वाटपावर व विक्रीवर नियंत्रणाचा आदेश काढावा लागला होता. पैसे असूनही वाट पाहावी लागे. त्या काळात ज्या घरापुढे ट्रॅक्टर येऊन उभा राहिला, त्या घराचे गावातले नाव बदलले. तेव्हाची मुले आज साठी-सत्तरीला आली आहेत. त्यांना तो लोखंडाचा सांगाडा दिसत नाही. वडिलांच्या मांडीवर बसून धरलेले स्टिअरिंग दिसते. याला भाबडेपणा म्हणणे सोपे आहे, आम्ही म्हणणार नाही.

तरीही एक प्रश्न विचारावा लागतो. 'मिलिंदप्रश्न' या पाली ग्रंथात भिक्खू नागसेन राजा मिलिंदाला त्याच्याच रथाविषयी विचारतो : आस म्हणजे रथ का? चाके म्हणजे रथ का? प्रत्येक वेळी राजाला 'नाही' म्हणावे लागते. आपल्या ट्रॅक्टरलाही हे लागू पडते. पिस्टन नवे, स्लीव्ह नव्या, टायर नवे, सीट नवी, रंग नवा. मग त्यात बाबांचे काय उरले? सेमिनरीत असताना असे प्रश्न आम्ही तास न् तास घोळवीत असू. इथे तो अगदी व्यवहाराचा होऊन बसतो. कारण जपायची आहे ती नेमकी कोणती वस्तू, हे कळले तर कदाचित स्टिअरिंगचे चाक काढून घरात भिंतीला लावणे पुरेसे ठरेल, आणि लाख रुपये वाचतील.

अ‍ॅरिस्टॉटलने याच कोड्याकडे दुसऱ्या बाजूने पाहिले. देहापासून तुटलेल्या हाताला आपण हात म्हणतो ते नावापुरते, कारण हाताचे काम तो करीत नाही, असे तो सांगतो. वस्तू म्हणजे तिचे कार्य. त्या हिशेबाने निंबाखालचा ट्रॅक्टर आज नावापुरताच ट्रॅक्टर आहे. तो सुरू होऊन निंबाखालीच धुगधुगत राहिला, तरी फार तर अर्धा ट्रॅक्टर. त्याच्यासाठी शेतात काम आहे का? कपाशीत सरी काढायची आहे, की केळीत? जळगावकडे जुन्या पद्धतीने केळी पाच बाय पाच फुटांवर लावतात. पस्तीस अश्वशक्तीचा जुना ट्रॅक्टर त्या ओळींत शिरतच नाही. रोटाव्हेटर जोमाने ओढायला तो थकतो. मात्र पाण्याचा टँकर, शेणखताची ट्रॉली, हलकी वखरणी, मळणीयंत्र, एवढे तो अजून करील. काम असले तर त्याची किंमत आहे, मग रंग उडालेला असला तरी. काम नसले तर नव्या रंगानेही किंमत येत नाही.

काम बदलूनही किंमत येऊ शकते, याचे मोठे उदाहरण जळगावातच घडले. भवरलाल जैन यांनी १९७८ मध्ये केळीची पावडर बनवणारा एक आजारी कारखाना तीस लाख रुपयांना विकत घेतला. त्या वेळी ही रक्कम डोळे पांढरे करणारी होती. पण तो घेऊन त्यांनी केळीची पावडर काढण्याचा हट्ट धरला नाही. तीच यंत्रसामग्री त्यांनी पपईच्या चिकापासून पपेन तयार करण्याकडे वळवली, आणि ते पपेन परदेशी जाऊ लागले. जुन्या यंत्राला त्यांनी 'तू पूर्वी काय होतास' असे विचारले नाही, 'आता काय करू शकतोस' असे विचारले. अर्थात तीस लाखांचे धाडस सर्वांना झेपत नाही, आणि फसलेल्या धाडसांच्या गोष्टी कोणी लिहून ठेवीत नाही, हेही ध्यानात असू द्यावे.

आता ज्यासाठी हे सारे लिहायला घेतले त्याकडे वळू. विचारायला आलेल्यांत प्रत्येक वेळी भाऊच होते. थोरला म्हणे, नीट करू. धाकटा म्हणे, विकून टाकू. आई कुठे आहे, असे आम्ही विचारले की उत्तर मिळे, "ती घरी आहे, तिचे काही म्हणणे नाही." आणि बहिणी? "त्या त्यांच्या घरी."

ट्रॅक्टर कोणाचा, हे न ठरवताच त्याची किंमत ठरवायला आपण बसतो. आपल्याला लागू असलेल्या १९२५ च्या भारतीय वारसा कायद्यानुसार, मृत्युपत्र न करता बाप गेला तर सर्वसाधारणपणे एकतृतीयांश हिस्सा विधवेचा, आणि उरलेला मुलगे व मुली यांच्यात सारखा वाटला जातो. शेताइतकाच हा नियम भंगाराच्या पैशालाही आहे. लोखंडाच्या वजनाने आलेल्या रकमेत आईचा भाग आहे. दुरुस्तीला निघालेल्या ट्रॅक्टरमध्येही आहे. तिचे 'काही म्हणणे नाही' ते तिला कोणी विचारले नाही म्हणून.

आणखी एक. दुरुस्तीचा पैसा येतो कुठून? सोसायटीतून पिकासाठी उचललेल्या कर्जातून तो गेला, तर बियाणे आणि खत उधारीवर येते, आणि तिथून पुढचा रस्ता आपल्या जिल्ह्यांनी पुरेसा पाहिलेला आहे. नर्सिंगला जाणाऱ्या लेकीची फी एक वर्ष पुढे ढकलून बापाची आठवण चालू करायची, तर ती आठवण कोणाच्या खर्चाने चालू झाली? बाबांना स्वतःला हे आवडले असते का, असे विचारून पाहावे. ज्या माणसाने पोरांच्या पोटासाठी ट्रॅक्टर घेतला, त्याचे उत्तर काय आले असते हे त्या पोरांना आमच्याहून चांगले ठाऊक आहे.

याचा अर्थ आठवणीसाठी पैसा खर्चूच नये, असा नाही. पोरीच्या लग्नात आपण खर्च करतो, कबरीवर फरशी बसवतो, कोणी त्याचा नफा मोजीत नाही. थोरल्याची ऐपत असेल, त्याने आपल्या खिशातून करावे, इतरांचा हिस्सा देऊन टाकावा, आणि खुशाल म्हणावे की मला बाबांचा ट्रॅक्टर सुरू झालेला पाहायचा आहे. आम्ही आशीर्वाद द्यायला येऊ. खटकते ते एवढेच, की हीच हौस 'शेतीला फायदा होईल' असा अंगरखा घालून येते आणि घरातल्या बाकीच्यांकडून वर्गणी मागते. उलटही होते. धाकट्याला रोख हवी असते, पण तो म्हणतो, "जुन्याच्या मागे लागणे अडाणीपणाचे आहे." दोघांनी आपापले खरे कारण एकदा आईसमोर बोलून दाखवले, तर निम्मे भांडण तिथेच विरते, असा आमचा अनुभव आहे.

काहींना भंगारात देणे म्हणजे विश्वासघात वाटतो. दावणीचा म्हातारा बैल आणि निंबाखालचा ट्रॅक्टर यांत आम्ही फरक करतो. बैलाला भूक लागते, ऊन लागते. ज्याच्या खांद्यावर आपण जगलो त्याचे आपण देणे लागतो. ट्रॅक्टरला काही लागत नाही. त्याचे लोखंड वितळून दुसऱ्या कोणाचा फाळ झाले तर त्यात त्याचा अपमान नाही. नवे वाहन आले की आपण ते चर्चच्या आवारात आणतो, त्यावर तीर्थ शिंपडले जाते. निघालेल्या वाहनासाठी तसा विधी नाही. पण भंगारवाल्याचा टेम्पो येण्याआधी घरच्यांनी पाच मिनिटे त्याच्याभोवती उभे राहून बाबांसाठी प्रार्थना म्हटली, तर त्याला कोणाची हरकत नसावी.

कोणताही निर्णय होवो, कागद विसरू नका. ट्रॅक्टरची नोंदणी पंधरा वर्षांची असते, त्यानंतर दर पाच वर्षांनी नूतनीकरण लागते. उभा करणार असाल तर आधी वारसाच्या नावाने ते करून घ्यावे. मोडीत काढणार असाल तर चौदा दिवसांच्या आत धुळ्याच्या किंवा जळगावच्या आरटीओ कार्यालयात तसे कळवून नोंद रद्द करून घ्यावी. नाही तर लोखंड कधीच वितळून गेलेले असते आणि सरकारच्या दप्तरी बाबांच्या नावावर तो ट्रॅक्टर अजून उभाच असतो.