सेवेला नोंदणी क्रमांक

कोल्हापूरच्या सीपीआर रुग्णालयात नातेवाईक हात जोडून म्हणतात, "सिस्टर, तुम्ही देवासारख्या." मला ते रुचत नाही. देवाकडे कुणी नोंदणी मागत नाही. माझ्याकडे मागायलाच हवी. महाराष्ट्रात १९६६ च्या कायद्यानं परिचर्या परिषदेच्या नोंदवहीत नाव असल्याशिवाय हे काम करता येत नाही. आमचे कीर्तनकार बुवा यावर हसतात. म्हणतात, निष्काम सेवेला सरकारी शिक्का कशाला?

बुवा, निष्काम भावानं सेवा करणारीचं मन शुद्ध होत असेल, पण डोस बरोबर होत नाही. पोटॅशियम क्लोराईड पातळ न करता शिरेत सोडलं, तर हृदय बंद पडू शकतं. तिथं भाव काय कामाचा? कर्माचं फळ सोडायचा अधिकार माझा. पण ते भोगणारा पेशंट असतो.

परिषद दर पाच वर्षांनी नूतनीकरण मागते, शिक्षणाचे तास मोजते. मध्यरात्री घाबरलेल्या आजीचा हात कुणी धरला, हे मोजत नाही. मोजूही नये, त्याचाही रकाना झाला, की हात रकान्यासाठीच धरला जाईल. बहुतेकदा तो आमच्या आयामावशीच धरतात, आणि त्यांचं नाव कुठल्याच परिषदेत नाही. पुण्य कुणाचं जास्त, हे अंबाबाई बघून घेईल. इंजेक्शनचा ट्रे मात्र मी मावशींच्या हाती देणार नाही.