साप घर बांधत नाही, आपण बांधतो

आजचे चिंतन : श्रीमद्भागवत, अकरावा स्कंध

अवधूताने २४ गुरू केले, त्यातला एक साप. साप स्वतःचं घर बांधत नाही, आयत्या बिळात राहतो. घर बांधण्याचा खटाटोप दुःखच देतो, असं अवधूत यदुराजाला सांगतो.

हे वाचून मी थांबलेच. आमच्याकडे सध्या तोच विषय! लालबागच्या दहा बाय बाराच्या खोलीत तीन पिढ्या गेल्या. गिरणी कामगार आजोबा गावी घर बांधायचं म्हणत राहिले. १९८२ च्या संपानंतर ते राहूनच गेलं. आता बाबा निवृत्तीच्या पैशातून कोकणात चिऱ्याचं घर बांधणार आहेत.

सातबाऱ्यावर आत्याचंही नाव आहे. सगळे म्हणाले, "हक्कसोडपत्रावर सही घ्या, ती काही नाही म्हणणार नाही." खरंय. पण नाही म्हणता न येणं म्हणजे होकार का? २००५ पासून वडिलोपार्जित मिळकतीत मुलीचा हक्क मुलाइतकाच आहे. तरी 'तिला काय करायचंय आता' म्हणत आपण वैराग्य नेमकं तिलाच शिकवतो!

अवधूत संन्यासी होता. आपण गृहस्थ, आपल्याला घर लागणारच. पण मग दुःख चिऱ्यांत नसतं. 'माझं' म्हणताना आपण दुसऱ्या कुणाचं नाव पुसतो, तिथे ते सुरू होतं.

काल बाबांना म्हटलं, "सही मागण्याआधी आत्याला विचारा ना, तिला काय हवंय?" बाबा बराच वेळ गप्प होते. मग त्यांनी फोन उचलला.

तुमच्या घराच्या पायाखाली कुणाचं नाव आहे? आज एकदा आठवून बघा.

॥ श्री गुरुदेव दत्त ॥