छाटलेल्या तुळशीची सेवा

आषाढी जवळ आली की घरोघर तुळशीवर हात जरा जास्तच चालतो. मंजिऱ्या खुडायच्या, हाराला शेंडे घ्यायचे, शेजारी मागतील त्यांना मूठभर द्यायचे. आमच्या नागपुरात त्याआधी नवतपा होऊन गेलेला असतो. करपलेली पाने दिसली की कोणी कात्री घेतो आणि कुंडीतली तीन-चार वर्षांची तुळस वीतभर उरवतो. मागे राहते ते लाकूड झालेले खोड, त्यावर एक पान नाही. आता सेवा कशाला म्हणावे?

पहिली धाव पाण्याकडे जाते, दुसरी शेणखताकडे. पण झाडातले पाणी बाहेर पडते ते मुख्यतः पानांवाटे. पानेच नसली तर मुळे फारसे पाणी ओढत नाहीत, माती ओली राहते आणि मुळे कुजतात. म्हणजे तांब्यामागून तांब्या ओतला तो तुळशीसाठी नव्हे, आपल्या मनाची चुटपुट शमावी म्हणून. माउली, भक्तीत हा घोटाळा फार होतो. समोरच्याला काय हवे हे न पाहता आपल्याला जे करून बरे वाटते, तेच आपण सेवा म्हणून पुढे करतो.

‘मग हात बांधून बसायचे? ही तर आळसाची सोय झाली,’ असे कोणी म्हणेल. शंका रास्त आहे. पण काटोल-वरुडकडचा संत्रेवाला मृग बहारासाठी भर उन्हाळ्यात झाडांचे पाणी तोडतो, ताण देतो. त्याला आळशी कोण म्हणेल? तो बागेत फिरून पाने किती मलूल झाली ते पाहत असतो. दुर्लक्ष करणारा पाणीही देत नाही आणि पाहतही नाही. अरणच्या सावता महाराजांना मळ्यातच विठ्ठल भेटला, तो काही मळ्याकडे पाठ फिरवून नव्हे.

तेव्हा खोडाची साल नखाने किंचित खरवडावी. खाली हिरवे दिसले तर जीव आहे. सकाळचे ऊन द्यावे, दुपारी आडोसा करावा, बोट खुपसून माती कोरडी लागली तरच पाणी घालावे. शेंडा शाबूत असतो तोवर तो खालच्या डोळ्यांना दाबून ठेवतो. तो गेला की पेरांवरचे निजलेले डोळे जागे होऊ लागतात. जून लाकडावर त्यांना वेळ लागतो, कधी ते फुटतही नाहीत. फूट आली तरी पानांच्या दोन-तीन जोड्या धरेपर्यंत देवासाठीसुद्धा खुडू नये. द्वादशीला तुळस तोडू नये, हा दंडक जुन्यांनी उगाच घातला नसावा. देवाच्या नावानेही हात आवरावा लागतो, हे तो निदान एक दिवस शिकवतो.

महिनाभराने साल खरवडली आणि खाली तपकिरीच निघाले, तर हट्ट सोडावा. तुळस तशीही फार वर्षांचे झाड नाही. मागच्या मंजिऱ्यांचे बी बहुधा त्याच कुंडीत सांडलेले असते. पाऊस लागला की खोडाच्या बुडाशी बारीक रोपे दिसू लागतात.