मोबदल्यापासून निर्णयाधिकारापर्यंत

धरणाखाली ज्यांची गावे जातात, त्यांनी शासनाकडे नेमके काय मागावे, या प्रश्नाचे उत्तर गेल्या शंभर वर्षांत टप्प्याटप्प्याने बदलत गेले आहे. १९२१ मध्ये सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली मुळशीचे शेतकरी टाटांच्या जलविद्युत प्रकल्पाविरुद्ध सत्याग्रहाला उभे राहिले, तेव्हा वडिलोपार्जित जमीन सोडणार नाही, एवढाच त्यांचा आग्रह होता. ब्रिटिश सरकारने त्याला तुरुंगाने आणि भूसंपादन कायद्याने, म्हणजेच मोबदला देऊन जमीन सक्तीने घेण्याच्या अधिकाराने, उत्तर दिले.

स्वातंत्र्यानंतर नर्मदाखोऱ्यात हा प्रश्न अधिक व्यापक झाला, आणि इंदूरचा त्याच्याशी दुहेरी संबंध आला. पाणीटंचाईने गांजलेल्या इंदूरकरांनी नर्मदा शहरात आणावी म्हणून १९७० मध्ये आंदोलन केले, ते यशस्वी झाले आणि १९७८ मध्ये नदीचे पाणी शहरात पोहोचले. पुढे चार राज्यांमधील जलवाटपाच्या निवाड्याची अंमलबजावणी पाहणाऱ्या नर्मदा नियंत्रण प्राधिकरणाचे मुख्यालयही इंदूरमध्येच आले.

१९७९ च्या त्या निवाड्याने जमिनीच्या बदल्यात जमीन हे तत्त्व स्वीकारले, ही मुळशीनंतरची मोठी मजल होती. तथापि मेधा पाटकर यांच्या पुढाकाराने संघटित झालेल्या धरणग्रस्तांच्या आंदोलनाने, आरंभी न्याय्य पुनर्वसनाचा आग्रह धरून, १९८८ मध्ये नर्मदेवरील सरदार सरोवर धरणालाच विरोध जाहीर केला आणि लाभहानीचा हिशेब कोणी मांडायचा, त्यात नदी, जंगल व गाव यांचे मोल कोणी ठरवायचे, हा मूलभूत प्रश्न पुढे आणला. धरणाला कर्ज देणाऱ्या जागतिक बँकेने नेमलेल्या मोर्स समितीने १९९२ मध्ये पुनर्वसन व पर्यावरणविषयक गंभीर त्रुटी दाखवल्यावरही केंद्र सरकारने १९९३ मध्ये बँकेचे उर्वरित कर्ज सोडून बांधकामाचा निर्धार कायम ठेवला. सर्वोच्च न्यायालयाने २००० मध्ये बहुमताने, न्यायमूर्ती भरुचा यांचे भिन्नमत असताना, पुनर्वसनाच्या अटींसह बांधकाम पुढे नेण्यास मुभा दिली.

या घटना एकत्र पाहिल्या, की शासकीय प्रतिसादामागील सूत्र स्पष्ट होते. योजनेची चौकट मान्य करून केलेली मागणी शासन उशिरा का होईना ऐकते: इंदूरला पाणी मिळाले, आणि २०१२ मध्ये ओंकारेश्वरच्या जलसत्याग्रहींना, म्हणजे चढत्या पाण्यात उभे राहिलेल्या धरणग्रस्तांना, जमिनीचे आश्वासन मिळाले. योजनेचे औचित्यच तपासू पाहणाऱ्या नागरिकाला मात्र ते विकासाचा विरोधक मानते; २०१७ मध्ये चिखल्दा या धरणग्रस्त गावी उपोषणाला बसलेल्या पाटकरांना पोलिसांनी उचलून इंदूरच्या रुग्णालयात दाखल केले आणि काही दिवसांतच अटक केली.

२०१३ च्या भूसंपादन कायद्याने सामाजिक परिणामांचे मूल्यमापन आणि खासगी प्रकल्पांसाठी बाधितांची संमती आवश्यक केली, हे या दीर्घ संघर्षांचेच फलित होय. पण आदिवासीबहुल अनुसूचित क्षेत्रांबाहेर शासनाच्या स्वतःच्या प्रकल्पांना ती संमती लागत नाही. ज्यांना सर्वस्व द्यावे लागते, त्यांना निर्णयापूर्वी नकार देण्याचा अधिकार मिळत नाही, तोवर पुनर्वसनाची कितीही उदार योजना लोकशाहीच्या दृष्टीने अपुरीच राहील.