विहिरीवरचे आंबट डाळिंब

चंडीगढ हे आखीव नगर आहे. येथील कित्येक रस्त्यांवर एकाच जातीच्या वृक्षांच्या रांगा आहेत, आणि फायलींत आयुष्य घालविणाऱ्या आमच्यासारख्यांच्या डोळ्यांना ही शिस्त सुखावते. परंतु शरद ऋतूत काल्का ओलांडून सोलनच्या बाजूस गेले, की डोंगरउतारांवर निराळेच दृश्य दिसते. तेथे 'दाडू' नावाचे रानटी डाळिंब आपोआप उगवते. बियांपासून वाढल्यामुळे एका झाडाचे फळ दुसऱ्यासारखे नसते. कोठे साल पिवळसर तर कोठे तांबूस, कोठे दाणे टपोरे तर कोठे बारीक. चव मात्र आंबट. हे दाणे वाळवून अनारदाणा करतात; आमच्या स्वयंपाकघरात आमसुलाशेजारी तो आता स्थिरावला आहे.

असेच एक आंबट गावठी डाळिंब सांगोला तालुक्यातील आमच्या विहिरीवर होते. बाग वाढविताना ते तोडावे काय, असे बंधूंनी विचारले. आम्ही संमती कळविली. त्याच्या जागी 'भगवा' आला. पुढे तेल्या रोग पडला आणि सारी बाग उपटावी लागली. जुने झाड त्या रोगातून तरले असते, असा आमचा दावा नाही. ते पाहण्याची वाटच आम्ही बंद केली, एवढेच बोचते.

भगव्याची बाग गुटी कलमांची असते. गुटी म्हणजे मूळ झाडाचाच अंश. हजार झाडे दिसली तरी वस्तुतः झाड एकच. जो रोग एकास भेदतो, तो सर्वांस भेदू शकतो.

मग गोड फळ निवडणे हा अपराध होय काय? मुळीच नव्हे. 1936 साली पुण्याच्या गणेशखिंड बागेत डॉ. चीमा यांनी आळंदी डाळिंबांतून एक झाड निवडले. तेच पुढे 'गणेश' म्हणून प्रसिद्धीस आले, आणि त्याच्या संकरातून भगवा निपजला. परंतु त्यांना निवडता आले ते समोर नाना तऱ्हेची झाडे उभी होती म्हणून. निवडून उरलेले आपण नष्ट केले, तर मागून येणाऱ्यांचा तोच अधिकार हिरावून घेतो.

कोणी म्हणतील, दाडू उपयोगी ठरला तर राखू. पण उपयोग आधी कळत नाही. आज संशोधक रानटी डाळिंबांत रोगप्रतिकाराची शक्ती शोधतात, कालपर्यंत ती केवळ आंबट फळे होती. नमुने आणून संग्रहबागेत लावणे अवश्यच आहे. तथापि बाग आणलेले तेवढेच जपते, उतारावरचे रान मात्र दर पिढीत नवे झाड घडविते. म्हणून झाडांबरोबर रानही राखले पाहिजे.

कचेरीत एखादा जुना कागद नष्ट करावयाचा झाला, तर आम्ही मुदत पाहतो, नियम पाहतो, वरिष्ठांची मंजुरी घेतो. विहिरीवरच्या त्या झाडासाठी मात्र आमचे दोन ओळींचे पोस्टकार्ड पुरले.