नंबर लागेपर्यंत

चि. रेवतीस,



परवा तू फोनवर म्हणालीस, "मोठेबाबा, म्हाडाच्या घराच्या सोडतीत माझं नाव वेटिंगला आलंय," आणि पुढे गप्प झालीस. तुझ्या आईने लगेच मला विचारलं, पेढे आणायचे की नाही? मी म्हटलं, थांब जरा. फोनवर नीट सांगता येईना, म्हणून हे पत्र.

मी जवळजवळ जन्मभर राईस मिलमध्ये मुनीमकी केली. रांग म्हटलं की माझ्यापुढे धान खरेदी केंद्र उभं राहतं. माणूस जेवायला घरी गेला तरी त्याची पोती रांगेत असतात. बारदाना संपतो, गोदाम भरतं, काटा आठ-आठ दिवस बंद राहतो, पण पोत्यांचा क्रम मोडत नाही. मोडलाच तर भांडण होतं. आपल्या गावातल्या घरकुलाची यादीही त्याच जातीची. ब यादी, ड यादी, कुणाचं नाव कितव्या नंबरला आहे हे चावडीवरच्या पोरांनाही पाठ असतं. सरकारकडून घरांचं उद्दिष्ट आलं की यादी वरून खाली सरकते. उशीर होतो, पण सरकते.

सोडत अशी नसते, बाई. ती चिठ्ठी आहे. पाच वेळा अर्ज भरल्याचं पुण्य सहाव्या वेळी कामाला येत नाही. तुझं वेटिंगही त्या एका सोडतीतल्या, त्या एका योजनेच्या संकेत क्रमांकापुरतंच. वरचा कुणी कागदपत्रांत अपात्र ठरला, कुणाला पैसे जमले नाहीत, कुणी घर परत केलं, तरच ते तुझ्यापर्यंत येणार. म्हणजे तुझा नंबर दुसऱ्याच्या अडचणीवर अवलंबून आहे. त्यात वाईट वाटून घेण्यासारखं काही नाही, पण त्याच्या भरवशावर भाड्याची खोली सोडू नकोस.

तुझ्या तिथलंच उदाहरण घे. पिंपरी-चिंचवड महापालिकेने पंतप्रधान आवासमधल्या ३,६६४ घरांची सोडत फेब्रुवारी २०२१ मध्ये काढली. चऱ्होलीत १,४४२, बोऱ्हाडेवाडीत १,२८८, रावेतला ९३४. अर्ज चाळीस हजारांवर. रावेतचा प्रकल्प तर जागेच्या वादात अडकला आणि ज्यांचे नंबर लागले होते त्यांनाच वर्षानुवर्षं थांबावं लागलं. वेटिंगवाल्यांचं काय झालं असेल ते तूच बघ. मुंबईच्या गिरणी कामगारांचं तर विचारूच नको. संप जानेवारी १९८२ चा, त्यांच्या घरांची पहिली मोठी सोडत निघाली जून २०१२ मध्ये, ६,९२५ घरांची. अर्जदार दीड लाखाच्या घरात. त्यातल्या कित्येकांचे अर्ज वारसांनी भरलेले.

आता माझी फजिती ऐक. तुझ्या बाबांनाही ती पुरती ठाऊक नाही. गोंदिया १ मे १९९९ ला जिल्हा झाला, त्याआधीची गोष्ट, आपण भंडारा जिल्ह्यात होतो तेव्हाची. मी दोन वर्षं नागपूरला एका दुकानात हिशेब लिहायला होतो आणि तिथे एका लहान घरासाठी अर्ज केला होता. नाव वेटिंगला लागलं. पत्ता दिला होता भाड्याच्या खोलीचा. पुढे खोली सोडून मी गोंदियाला परत आलो. आठ महिन्यांनी उरलेली भांडी आणायला गेलो, तर घरमालकाने भिंतीवरच्या कॅलेंडरमागून एक लिफाफा काढून दिला. न फोडलेला. त्याने जपून ठेवला होता बिचाऱ्याने! आत पैसे भरायची तारीख होती, ती केव्हाच उलटलेली. तुझी मोठीआई त्यानंतर बरेच दिवस नागपूरचं नाव काढू देत नव्हती.

आता लिफाफे फारसे येत नाहीत. जे काही यायचं ते मोबाइलवर. म्हणून सांगतो, अर्जात दिलेला नंबर बदलू नकोस. तू स्वस्त रिचार्ज मिळालं की सिम बदलतेस, ते मला माहीत आहे.

गावच्या घराच्या, ग्रामपंचायतीतल्या नमुना आठवर तुझं नाव लावायचं तुझ्या बाबांच्या मनात आहे. ओसरीवर बसणाऱ्यांनी त्यांना घाबरवलंय की पोरीचं नाव लागलं तर पुण्याचं घर गेलं. हे अर्धं खरं आहे. पंतप्रधान आवासला देशात कुठेही पक्कं घर चालत नाही. म्हाडा मात्र ज्या शहरात घर द्यायचं तिथे अर्जदाराचं, त्याच्या नवऱ्याचं किंवा बायकोचं, अज्ञान मुलांचं घर आहे का एवढंच बघते. तुझा पगार महिन्याला चौतीस हजार, म्हणजे वर्षाचे चार लाखांवर. आवासच्या त्या घरांची ३ लाखांची मर्यादा तू ओलांडलीसच. म्हाडाच्या अत्यल्प उत्पन्न गटाला मात्र पुणे महानगरात ६ लाखांपर्यंत चालतं, तिथे तू बसतेस. म्हणून नाव लावायला माझी हरकत नाही. पण म्हाडाच्या सोडतीत कधीकधी आवासमधली घरंही असतात, तेव्हा जाहिरात शेवटच्या ओळीपर्यंत वाच. लग्न झालं की नवऱ्याचं उत्पन्नही मोजतात, हेही लक्षात असू दे.

खासगी बिल्डरच्या मोठ्या प्रकल्पांतली वीस टक्के घरंही म्हाडाच्याच सोडतीत येतात. ती बघत जा, जागा बऱ्या असतात. मिळालेलं घर पाच वर्षं विकता येत नाही, पण तुला राहायचंच आहे.

आणि तो कोण तुझ्या ऑफिसातला, "वेटिंग वर सरकवून देतो" म्हणणारा? त्याला चहा पाज आणि वाटेला लाव. म्हाडा स्वतःच दर वेळी जाहिरातीत सांगते की आम्ही कुणी दलाल नेमलेला नाही. अनामत रक्कम नंबर न लागल्यास परत येते. त्याला दिलेली येणार नाही.

तुझा अधिवासाचा दाखला जुना आहे, त्याच्यावर बारकोड नाही. म्हाडाला २०१८ नंतरचा लागतो. शाळा सोडल्याचा दाखला माझ्या पेटीत आहे, तो घेऊन आपण दोघं तहसीलला जाऊ. तेवढ्यासाठी दिवाळीला चार दिवस आधी ये. महाराष्ट्र एक्स्प्रेसचं तिकीट आताच काढ. ते वेटिंग तरी रांगेनं सरकतं.

तुझे
मोठेबाबा