चासीला लांबी भरतोस?

लाँग मेंबरमध्ये लांबी भरायला तुला कुणी शिकवलं? मोटार मेकॅनिकच्या दोन वर्षांच्या ट्रेडमध्ये हा धडा मी तरी घेतला नव्हता. काल तू शेडवर नव्हतास म्हणून बरं. तुझ्या पोऱ्याकडून टॉर्च घेतला आणि जीपखाली शिरलो. मागच्या स्प्रिंगच्या हँगरजवळ चुंबक लावला, तर तो थेट माझ्या छातीवर पडला. चार बोटं पुढे लावला, चिकटला. पुन्हा मागे आणला, पुन्हा पडला. मग चिपिंग हातोडीनं हळूच टकटक केलं. काळ्या रंगाचा पापुद्रा उडाला, त्याखाली लांबी, लांबीखाली फायबरची जाळी, आणि जाळीखाली माझं बोट आत जाईल एवढं भोक!

वरून मात्र गाडी झकास. बॉनेटवर रंगाची चमक, सीटना नवं रेक्झिन, नंबरप्लेटच्या स्क्रूंनासुद्धा क्रोम. आधी कळस आणि मग पाया, हे तू शब्दशः करून दाखवलंस.

ही जीप 1968 ची सीजे थ्रीबी आहे. पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर जेमतेम 80 इंच. या गाडीला आजच्या मोटारींसारखी बॉडीची ताकद नसते. दोन लाँग मेंबर, त्यांना जोडणारे क्रॉस मेंबर आणि रिव्हेट, एवढ्यावर सगळा संसार. इंजिन त्यावर, स्टिअरिंग बॉक्स त्यावर, पाटे त्यावर, पाट्यांना ॲक्सल. मागचा हँगर सुटला तर ॲक्सल तिरका होतो आणि गाडी ड्रायव्हरला विचारत नाही कुठे जायचं ते. मालक पोराबाळांना घेऊन आंबा घाटातून कोल्हापूरला जाणार आहे. त्या वळणांवर तुझी लांबी किती वेळ टिकेल, याचा हिशेब केला होतास?

तुला वाटलं, गंज वरवरचा आहे. वायरब्रश फिरवला, गंज बदलणारं ते औषध फासलं, काळं पडलं म्हणजे बरं झालं. अरे, ते फॉस्फोरिक आम्ल वरच्या थराशी क्रिया करतं. गेलेलं लोखंड ते परत आणत नाही. या चासीत हँगरजवळ पट्टीवर पट्टी बसवलेली असते, आणि खरा गंज त्या दोन पट्ट्यांच्या मध्ये असतो. गंज लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा मागतो. आत बसून तो पट्ट्यांना एकमेकींपासून फाकवतो, रिव्हेट ताणतो. ती फुगलेली कड तुला दिसली होती. दिसली म्हणूनच तू तिथे ग्राइंडर फिरवून ती सपाट केलीस, म्हणजे उरलंसुरलं चांगलं लोखंडही घासून टाकलंस! पुढचा भाग तर पेटीसारखा बंद आहे. त्यात आपल्या किनाऱ्यावरचा चिखल, खारी हवा, पावसाचं पाणी, सगळं मुरत बसतं. तिथली पाणी निघायची भोकं तू मोकळी करायचीस, तर त्यावरही जाड अंडरकोट मारलास. आता आत गेलेलं पाणी बाहेर येणार कुठून?

हे कोकणातल्या घराच्या वाळवी लागलेल्या वाशाला गेरू फासण्यासारखं झालं, आणि त्या वाशाखाली माणसं झोपणार आहेत.

डाव्या मेंबरला तू लांबी नाही भरलीस, तिथे वेल्डिंग केलंस. ते तर त्याहून वाईट. चॅनलच्या बाहेरून एक जाडजूड अँगल चिकटवलास आणि दोन्ही टोकांना सरळ उभा टाका मारलास. चॅनलची जाडी कधी मोजलीस? जिथे धातू शाबूत आहे तिथे व्हर्नियर लावायचा, आणि नवी पट्टी त्याच जाडीची, साध्या माइल्ड स्टीलची. जाड पट्टी म्हणजे ताकद, हा गॅरेजवाल्यांचा आवडता गैरसमज. चासी चालताना थोडी वाकते, पिळते. मध्येच एक तुकडा ताठ केलास की सगळा ताण त्या तुकड्याच्या टोकाला जाऊन बसतो, आणि तिथून चीर सुरू होते. दोन ॲक्सलच्या मध्ये खालची कड ताणली जाते, वरची दाबली जाते. त्या खालच्या कडेवर आडवा टाका मारणं म्हणजे चिरेला आमंत्रण. पॅचची टोकं तिरकी कापायची, निमुळती करायची, कडांना आडवं वेल्डिंग द्यायचं नाही, कडेत भोकंही पाडायची नाहीत. हे मी फळ्यावर काढून दाखवलं होतं आणि तू ते वहीत उतरवून घेतलं होतंस. तुझी वही मी तपासली आहे.

टाक्यांबद्दल बोलू नये असं वाटतं, पण बोलतो. बारीक बारीक छिद्रं पडलेली आहेत, म्हणजे मिग वेल्डिंग करताना शेडचा पंखा चालू होता आणि गॅस उडून जात होता. काही ठिकाणी तू इलेक्ट्रोड वापरलेस. 7018 चं ते पाकीट पावसाळ्यापासून खिडकीत उघडं पडलंय. ओल्या कांड्यांनी घातलेल्या टाक्यात हायड्रोजन शिरतो आणि टाका नंतर तडकतो. कांड्या भट्टीत सुकवायला वेळ नव्हता, पण नंबरप्लेटचे स्क्रू क्रोम करून आणायला होता.

आणि पेट्रोलची टाकी! सीटखालची टाकी जागेवर ठेवून तू तिच्याजवळ आर्क पेटवलास. टाकीच्या पट्ट्यावर उडालेल्या ठिणग्यांचे डाग आहेत, नाकारू नकोस. ब्रेकच्या नळीलाही झळ लागलेली दिसते. तुझं आणि त्या पोऱ्याचं नशीब बलवत्तर, एवढंच.

कापायच्या आधी कर्ण मोजले होतेस? ओळंबा सोडून जमिनीवर खडूच्या खुणा, मग आडवे-तिरपे मापून दोन्ही कर्ण सारखे येतात का ते पाहायचं, कापायच्या ठिकाणी दोन्हीकडून तात्पुरते आधार जोडायचे, मग कापायचं. शेडमध्ये ओळंबा दिसला नाही. इंजिन जागेवर, चासी जॅकवर आणि मेंबर कापलेला: अशी चासी झुकते आणि तशीच वेल्ड होते. मग गाडी एका बाजूला ओढते आणि तू म्हणतोस, अलाइनमेंट करून घ्या.

शिवाय मालकाला व्हिंटेज नोंदणी हवी आहे. 2021 च्या नियमात 50 वर्षांपेक्षा जुनी गाडी बसते, पण ती मूळ रूपात असावी, चासी, बॉडी शेल किंवा इंजिनात बदल केलेला नसावा. मूळ मापाची पट्टी मूळ जागी बसवणं ही दुरुस्ती झाली. तो बाहेरून चिकटवलेला अँगल कोण दुरुस्ती म्हणेल? त्यासाठी मालक 20,000 रुपये नोंदणी शुल्क भरणार, आणि तपासणीला माझा विद्यार्थी असं काम पुढे करणार!

आज संध्याकाळी मालकाला फोन कर आणि सांग, गाडी तयार नाही. कारणही खरं सांग, पार्टची वाट पाहतोय वगैरे नको. बॉडी उतरव, टाकी बाहेर काढ, तो अँगल काप आणि लांबीचा शेवटचा कण खरवडून टाक. चासी नंबर कोरलेल्या जागेला ग्राइंडर लावायचा नाही. सोमवारी सकाळी मी व्हर्नियर आणि ओळंबा घेऊन येतो, तेव्हा मला चासी उघडी दिसली पाहिजे.